सोलापूर–तुळजापूर–नळदुर्ग: कॅरव्हॅन ओढायला फोर बाय फोर किती कामाची?

कॅरव्हॅन म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, आणि फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारी गाडी. प्रवासाची सुरुवात सोलापुरात, हैदराबाद रोडवरच्या मार्केट यार्डाजवळ, वजनकाट्यावर. कांद्याच्या गाड्यांची रांग नसेल अशी वेळ गाठायची आणि तीन वजनं करून घ्यायची: जोडलेली गाडी आणि कॅरव्हॅन मिळून, मग हूक न सोडता फक्त गाडीची चार चाकं काट्यावर, आणि शेवटी हूक सोडवून फक्त कॅरव्हॅन. पाण्याची टाकी, गॅस सिलिंडर, बॅटरी, अंथरूण-पांघरूण, भांडी सगळं भरूनच वजन करायचं, कारण रिकाम्या कॅरव्हॅनचा आकडा रस्त्यावर काही उपयोगाचा नाही. आमची कॅरव्हॅन एका आसाची, म्हणजे दोनच चाकांची, रिकामी ८२० किलो, भरून ९८० किलो. पुढे डिझेल थार, तीन दारांची, साधारण पावणेदोन टनांची.

ढोबळ नियम सोपा आहे. भरलेली कॅरव्हॅन ओढणाऱ्या गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत हवी. त्या हिशेबाने आमची जोडी निवांत बसते. पण थारसारख्या गाडीच्या बाबतीत एवढ्यावर थांबलं तर फसगत होते. डोंगर चढण्यासाठी जे गुण लागतात ते एक, आणि मागे वजन घेऊन सरळ चालण्यासाठी लागतात ते दुसरे. आखूड व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या आसांमधलं अंतर), उंच सस्पेन्शन, मऊ स्प्रिंग, खोल नक्षीचे टायर या चारही गोष्टी खडकात मदत करतात आणि हायवेवर कॅरव्हॅन मागे असताना नेमक्या आड येतात. सोलापूरच्या आसपासचा हा त्रिकोण, तुळजापूरचा घाट, नळदुर्गची काळी माती आणि परतीचा हैदराबाद हायवे, या दोन्ही बाजू एकाच फेरीत दाखवतो. म्हणून मुद्दाम मे महिन्याच्या अखेरीस, भर उन्हात आणि वळवाच्या पावसाच्या दिवसांत हा मार्ग घेतला.

हुकावरचा भार काट्यावर मोजू नये. मोठ्या ट्रकांच्या काट्याला पाच-दहा किलोचा फरक कळत नाही. घरातला वजनाचा काटा सपाट जमिनीवर ठेवायचा, त्यावर लाकडी ठोकळा उभा करायचा आणि कपलर (कॅरव्हॅनच्या दांड्याचं टोक) बॉलच्या (गाडीच्या हुकावरच्या गोळ्याच्या) उंचीवर येईल असा त्यावर टेकवायचा. कॅरव्हॅनच्या भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के भार आला पाहिजे. आम्ही ७० किलो, म्हणजे साधारण ७ टक्के ठेवतो. यापेक्षा हलकं नाक असलं की ऐंशीच्या वेगाला मागची गाडी शेपूट हलवायला लागते. जड असलं की गाडीचा मागचा भाग बसतो आणि स्टिअरिंग हलकं होतं.

किती हलकं होतं, तेही काढता येतं. मागच्या आसापासून बॉलपर्यंतचं अंतर आमच्याकडे १.०५ मीटर आणि थारचा व्हीलबेस २४५० मिमी. ७० गुणिले १.०५ भागिले २.४५, म्हणजे पुढच्या आसावरून ३० किलो उचलले जातात आणि मागच्या आसावर १०० किलो वाढतात. मागच्या सीटवर माणसं आणि डिकीत सामान असेल तर स्प्रिंग आणि टायर दोन्हींची मर्यादा लवकर येते. हेच गणित कॅरव्हॅनच्या आडव्या धक्क्यालाही लागू पडतं: बॉल आसापासून जितका लांब आणि व्हीलबेस जितका आखूड, तितकं मागचं शेपूट गाडीचं तोंड जास्त फिरवतं. थार रॉक्सचा व्हीलबेस २८५० मिमी, स्कॉर्पिओ-एनचा २७५०, फॉर्च्युनरचा २७४५, हायलक्सचा ३०८५. आमच्या मते तीन दारी थारमागे एक टन ही शेवटची रेघ समजावी. दीड टनाची दोन आसांची कॅरव्हॅन घ्यायची असेल तर स्कॉर्पिओ-एन किंवा त्यावरची गाडीच बघावी. पाच दारी जिम्नी माळावर कितीही सुरेख चालली तरी १३४ न्यूटन-मीटर टॉर्क (इंजिनाची फिरवण्याची ताकद) आणि सुमारे बाराशे किलो वजन एवढ्या भांडवलावर तिच्या मागे पाच-सहाशे किलोची छोटी झोपायची पेटी, त्याहून मोठं काही लावू नये.

हूक कुठे बसवलाय ते गाडीखाली झोपून बघा. तो लॅडर फ्रेमच्या (गाडीखालच्या शिडीसारख्या लोखंडी चौकटीच्या) दोन्ही रेल्सना, कमीत कमी चार-सहा बोल्टांनी धरलेला पाहिजे. बंपरच्या पट्टीला किंवा क्रॉस मेंबरच्या पत्र्याला वेल्ड मारून बसवलेला हूक कितीही जाड दिसला तरी नको, कारण वेल्डशेजारचा पत्रा हादऱ्याने थकतो आणि तडा रंगाखाली लपतो. बॉल ५० मिमीचा, त्याचा मध्य भरलेल्या अवस्थेत जमिनीपासून ३५० ते ४२० मिमीच्या दरम्यान. इथेच उंच गाड्यांची अडचण होते. सस्पेन्शन दोन इंच उंच केलेल्या, म्हणजे लिफ्ट केलेल्या गाडीत बॉल वर जातो, कॅरव्हॅन नाक वर करून चालते आणि डुलायला लागते. उपाय म्हणजे खाली उतरणारी हूकपट्टी. लिफ्ट काढणं त्याहून चांगलं.

भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत ओढायच्या वजनाचा आकडाच नसतो. मग लोक त्याच नावाच्या गाडीचा ऑस्ट्रेलियातला आकडा उचलतात. तसं करू नये. तिथल्या गाडीचे स्प्रिंग, रेडिएटर, गिअरबॉक्सचा ऑइल कूलर, एबीएसचं प्रोग्रामिंग वेगळं असू शकतं. आणि कागदपत्रांचं म्हणाल तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या ६१ व्या कलमानुसार ट्रेलरचीही नोंदणी लागते, ट्रेलरचा नंबर ओढणाऱ्या गाडीच्या बाजूवर आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरवर दिसला पाहिजे. निघण्यापूर्वी हे रंगवून घ्यावं.

तुळजापूर रस्त्याला लागलं की डाव्या-उजव्या हाताला ज्वारीची मोकळी रानं, हिप्परग्याचा तलाव, पुढे तामलवाडीचा टोल नाका. टोलवर कडेची रुंद लेन धरायची आणि दांडी पूर्ण वर गेल्यावर सरळ, न थबकता निघायचं. गाडी गेली असं समजून दांडी कॅरव्हॅनवर उतरण्याचा धोका असतो. नाका ओलांडला की बाजूला थांबून पहिली तपासणी. चाकांचे नट पहिल्या ५० किलोमीटरांत सैल पडतात, विशेषतः चाक नुकतंच काढून बसवलेलं असेल तर. टॉर्क पान्याने पुन्हा आवळा. मग हबचं, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचं तापमान. हातात धरायचा इन्फ्रारेड थर्मामीटर असला तर उत्तम. डावं आणि उजवं हब यांत २० अंशांहून जास्त फरक दिसला तर गरम बाजूचा ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग जास्त आवळलंय.

टायरची हवा सकाळी थंड असतानाच भरावी. तापमान दहा अंशांनी वाढलं की दाब दीड-दोन पीएसआयने वाढतो. दुपारी दाब वाढलेला दिसला म्हणून हवा सोडली तर टायर आणखी वाकतो, आणखी तापतो आणि बाजूची भिंत फुटते. सोलापुरात उन्हाळ्यात टायर फुटण्यात जुन्या रबराचा वाटा मोठा असतो. कॅरव्हॅन वर्षातले बरेच महिने उभी असते, नक्षी नवी दिसते, पण उन्हाने भिंतींना बारीक भेगा पडलेल्या असतात. टायरवर छापलेला आठवडा-वर्षाचा चार आकडी शिक्का वाचा आणि सहा वर्षांपुढचे टायर काढून टाका.

तुळजापूरचा घाट फार मोठा नाही. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४६० मीटरवर, तुळजापूर साडेसहाशेच्या आसपास. पण चढ शेवटी एकवटलेला आहे आणि हवा ४२ अंशांची. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) ९५ अंशांवर धरला तर रेडिएटरला उष्णता बाहेर टाकायला ५३ अंशांचा फरक मिळतो. २५ अंशांच्या दिवशी तोच ७० असतो. म्हणजे थंड होण्याची ताकद जवळपास पाव हिश्श्याने कमी, आणि काम मात्र सव्वापट-दीडपट. थारच्या डिझेल इंजिनाचा ३०० न्यूटन-मीटर टॉर्क १६०० ते २८०० आरपीएममध्ये मिळतो. म्हणून वरच्या गिअरमध्ये १५०० वर इंजिन रेटत नेऊ नये. एक गिअर खाली घेऊन २२०० ते २५०० वर ठेवावं. तेवढ्याच वेगाला पाण्याचा पंप जास्त फिरतो, तापमान काट्यावर आपोआप उतरतं. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये गिअर धरून ठेवा. टॉर्क कन्व्हर्टर लॉक न होता घसरत राहिला की गिअर ऑइल तापतं आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बिघडण्याचं ते मोठं कारण आहे. काटा वर सरकू लागला तर एसी बंद, हीटर चालू, बाजूला थांबून इंजिन चालूच. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही.

गाडी तापली की दोष इंजिनाला दिला जातो, पण आधी जाळी बघावी. माळावरच्या कुसळी गवताची कुसळं आणि धूळ एसी कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत गादीसारखी बसतात. समोरून बघितलं तर काहीच दिसत नाही. पंख्याच्या बाजूने पुढे, साध्या पाइपाने, कमी दाबाने पाणी मारायचं. प्रेशर वॉशरने पाती वाकतात आणि नुकसान कायमचं होतं.

उतारावर जी भीती असते ती मागच्या ढकलण्याची. उसाची ट्रॉली ट्रॅक्टरला उतारावर जशी रेटते तसंच हे, आणि ट्रॅक्टरवाला काय करतो? उतार सुरू होण्याआधी गिअर टाकतो. ओव्हररन ब्रेकची कॅरव्हॅन पुढच्या गाडीवर रेलली की तिचा ब्रेक आपोआप लागतो, त्यामुळे लांब उतारावर तो सतत घासून तापतो. खालचा गिअर घ्यायचा, ब्रेक थोडा वेळ ठामपणे दाबून सोडायचा. इलेक्ट्रिक ब्रेक असेल तर निघण्याआधी सपाट रस्त्यावर ३०च्या वेगाला फक्त कंट्रोलरचं बटण दाबून बघा. कॅरव्हॅनने जोडीला मागे ओढल्यासारखं वाटलं पाहिजे. गाडीचा ब्रेक चांगला आहे म्हणून मागचा ब्रेक टाळणाऱ्यांशी आमचं कधीच पटणार नाही.

तुळजापुरात देवीच्या दर्शनाला कॅरव्हॅन गावात नेऊ नका. बाहेरच्या मोकळ्या जागेत लावायची आणि तिथेच लो रेंजचा, म्हणजे फोर बाय फोरमधल्या जादा हळू गिअरचा (फोर लो) खरा उपयोग होतो. चढाच्या जागेत रिव्हर्स घेताना साध्या रिव्हर्स गिअरला वेग जास्त, म्हणून माणूस क्लच अर्धा दाबून धरतो आणि दहा मिनिटांत क्लच जाळून बसतो. फोर लो टाकला की वेग दोन ते अडीच पटींनी उतरतो, क्लच पूर्ण सोडून गाडी मुंगीच्या चालीने मागे जाते. फोर लोमध्ये असताना डांबरावर मात्र वळण घेऊ नका: पार्ट टाइम फोर बाय फोरमध्ये पुढचे-मागचे आस एकमेकांशी बांधले जातात, कोरड्या रस्त्यावर वळताना ताण सुटायला जागा राहत नाही आणि ट्रान्सफर केस (दोन्ही आसांना ताकद वाटणारी पेटी), प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस झिजतात. मातीवर, मुरुमावर चालेल.

नळदुर्गला किल्ला, बोरी नदी आणि पाणी महाल बघायला निवांत वेळ द्यावा. मुक्कामाची जागा मात्र डोळसपणे निवडा. बीएस-६ डिझेल गाडीचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) स्वतःला साफ करत असेल तेव्हा एक्झॉस्ट फार तापतो, आणि वजन ओढून आल्यावर तर जास्तच. वाळलेल्या गवतावर गाडी उभी केली तर आग लागू शकते.

आणि वळवाचा पाऊस. काळी माती कोरडी असताना दगडासारखी, अर्धा तास पाऊस झाला की साबण. पाणी लागलं की ती फुगते, टायरच्या नक्षीत भरते आणि खोल नक्षीचा टायरही गुळगुळीत होतो. गाडी एकटी निघेल, डिफ लॉक (आसाची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप) असेल तर नक्की निघेल. कॅरव्हॅनच्या चाकांना मात्र स्वतःची ताकद नाही. माती मडगार्डात भरून चाक फिरायचंच थांबतं आणि ती नांगरासारखी खेचली जाते. हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवण्याचा उपाय वाळूत चालतो, या चिकट मातीत फारसा नाही. म्हणून मुरुमाचा माळच निवडा, पहार मारून बघा, आणि तोंड रस्त्याकडे करून लावा.

तरी फसलंच तर गावात ट्रॅक्टर मिळतो. पण ट्रॅक्टरच्या ड्रॉबारला भोक आणि पिन असते, कॅरव्हॅनच्या कपलरला बॉल लागतो. त्या भोकात बसेल असा, नटासह ५० मिमी बॉल सोबत ठेवला तर गाडी सोडवून कॅरव्हॅन थेट ट्रॅक्टरला लावता येते. गाडी आधी मोकळी करा, दोन्ही एकत्र ओढायला लावू नका. ताणली जाऊन झटक्याने ओढणारी दोरी तर कॅरव्हॅन जोडलेली असताना कधीच नको.

नळदुर्गहून सोलापूर, हैदराबाद हायवे. रस्ता सरळ आणि रुंद, धोका वेगाचा. हवेला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते: ८० वरून १०० वर गेलात की ती जवळपास दुप्पट होते. शिवाय मागून येणारी बस आधी कॅरव्हॅनला ढकलते, मग ओढते. आम्ही ७५च्या वर जात नाही. शेपूट हलायला लागलं तर स्टिअरिंग सरळ धरा, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढा, जोरात ब्रेक नको. इलेक्ट्रिक ब्रेक असेल तर फक्त कॅरव्हॅनचा हाताने लावा. वेग वाढवून सरळ होईल हा सल्ला जीवघेणा आहे.

दिवे अंधुक, इंडिकेटर दिला की ब्रेक दिवा लुकलुकतो, अशी तक्रार या फेरीनंतर ठरलेली. बहुतेक वेळा अर्थिंगची तार धुळीने आणि ओलाव्याने गंजलेली असते. बॉलमधून अर्थिंग मिळतं यावर विसंबू नका, सॉकेटपासून चेसिसपर्यंत वेगळी २.५ चौरस मिमीची तार टाका. आतला फ्रिज गाडीवर चालवायचा असेल तर त्याला ६ चौरस मिमी.

पाणी किंवा चिखलातून चाक गेलं असेल तर घरी आल्यावर हब उघडून ग्रीस बघावं. दुधाळ दिसलं की पाणी शिरलंय: बेअरिंग धुऊन नवं लिथियम ग्रीस भरा, नट चाक फिरवत आवळा आणि मग चाक मोकळं फिरेल इतका सैल करून स्प्लिट पिन नवी टाका. बेअरिंग आणि ऑइल सीलवर कोरलेले नंबर लिहून गाडीत ठेवा. कॅरव्हॅनचा सुटा भाग त्या नावाने मागितला तर कुठे मिळेल सांगता येत नाही, पण नंबर सांगितला की बेअरिंगच्या दुकानात तो बऱ्याचदा हातोहात मिळतो.