दुपारी दोनलाच संपणारा डेटा : घरातले तीन फोन आणि एक राउटर नीट लावताना

आईच्या फोनचा रोजचा दीड जीबी डेटा दुपारी दोनच्या आत संपायचा, तोही घरात ब्रॉडबँड असताना. ५० टक्के, ९० टक्के, १०० टक्के असे मेसेज ओळीने येऊन पडायचे आणि मग रात्री बारापर्यंत नेट ६४ केबीपीएसवर रांगायचं. ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. चार एमबीचा एक फोटो उतरायला ५०० सेकंद, म्हणजे आठ मिनिटांहून जास्त. भाजीवाल्याला यूपीआयने पैसे देताना चाक फिरत राहतं, पैसे गेले की नाही ते कळत नाही, आणि घाईत माणूस दुसऱ्यांदा पाठवून बसतो. मोठा रिचार्ज मारणं हा सोपा उपाय होता, पण गळक्या पिंपात जास्त पाणी ओतून काय होणार? आधी गळती शोधायची ठरवली.

आठ दिवस तिन्ही फोन तपासल्यावर एक गोष्ट पक्की समजली. फोनच्या डोक्यात हिशेब अगदी ढोबळ असतो: मोबाइल नेट महाग, वाय-फाय फुकट. आणि सुरक्षिततेचं म्हणाल तर, ज्या नेटवर्कला एकदा जोडला त्याचं नाव पुन्हा दिसलं की ते ओळखीचं. जिथे हे दोन ठोकताळे खोटे ठरतात तिथेच डेटाही जातो आणि धोकाही येतो. पुढे जे लिहिलंय ते सगळं याच धाग्याने. मेनूंची नावं इंग्रजी फोनवर दिसतात तशी दिली आहेत. फोन मराठीत असेल तर शब्द वेगळे दिसतील, जागा साधारण तीच.

पहिलं काम मोजण्याचं. अँड्रॉइडवर ‘सेटिंग्ज’, ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, ‘सिम्स’, मग ‘ॲप डेटा युसेज’. सॅमसंगवर हेच ‘कनेक्शन्स’मधल्या ‘डेटा युसेज’खाली आहे. प्रत्येक ॲपवर टिचकी मारली की दोन आकडे दिसतात: फोरग्राउंड आणि बॅकग्राउंड. फोरग्राउंड म्हणजे आपण ॲप उघडून वापरलं ते, बॅकग्राउंड म्हणजे फोन खिशात असताना ॲपने आपलं आपण वापरलं ते. बॅकग्राउंडचा आकडा फुगलेला असेल तर दोष सेटिंगचा, फोरग्राउंडचा असेल तर सवयीचा, असं मी धरून चाललो होतो. आईच्या फोनवर यूट्यूबचा फोरग्राउंड आकडा सगळ्यात मोठा निघाला. ती तर कीर्तनं घरीच, वाय-फायवर ऐकते. मग मोबाइल डेटात हा आकडा आला कुठून?

उत्तर भिंतीत होतं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं जुनं घर, दगडी भिंती हात-दीड हात जाड, वर दगडी पट्ट्यांचं छत. राउटर पुढच्या खोलीत आणि आई बसते स्वयंपाकघरालगतच्या खोलीत, मध्ये अशा दोन भिंती. ग्वाल्हेरच्या जुन्या वस्तीत ज्यांची घरं आहेत त्यांना हे लगेच पटेल. वाय-फायचं ५ गिगाहर्ट्झचं बँड वेगवान असतं, पण जाड दगडापुढे लवकर दम तोडतं. २.४ गिगाहर्ट्झचं संथ, पण भिंत थोडी जास्त ओलांडतं. सिग्नल मोजणाऱ्या एका ॲपने पाहिलं तर पुढच्या खोलीत उणे ५० डीबीएम आणि आईच्या खोलीत उणे ८२. डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप; आकडा शून्यापासून जितका लांब, तितका सिग्नल कमजोर. उणे ६५ पर्यंत व्हिडिओ निवांत चालतो, उणे ८० च्या खाली गेलं की जोड असून नसल्यासारखी.

अशा वेळी फोन काय करतो? न विचारता मोबाइल डेटावर जातो. सॅमसंगमध्ये ही सोय ‘इंटेलिजंट वाय-फाय’खाली ‘स्विच टू मोबाइल डेटा’ या नावाने असते, काही फोनांत ‘वाय-फाय असिस्टंट’ म्हणून. आयफोनमध्ये ‘मोबाइल डेटा’च्या पानावर अगदी तळाशी ‘वाय-फाय असिस्ट’ आहे. ते मुळातच चालू असतं, आणि त्याने किती डेटा खाल्ला तो आकडाही तिथेच छापलेला असतो. इतकं खाली सरकून तो कोणी बघत नाही. तिन्ही फोनांवर ही सोय बंद केली. बंद केल्यावर आईच्या खोलीत व्हिडिओ अडकायला लागला, आणि हे व्हायलाच हवं होतं. घरच्या नेटची जी अडचण आजवर कळत नव्हती ती मोबाइलच्या डेटाने झाकली जात होती.

मग सिग्नल आत नेला. कपाटात पडलेला जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे मुख्य राउटरचंच नेट आतल्या खोलीत वाय-फायने देणारा म्हणून, लावला आणि दोन्हींमध्ये कॅट ५-ई ही नेटवर्कची वायर ओढली. ही वायर १०० मीटरपर्यंत चालते, त्यामुळे घरात लांबीची चिंता नाही. लोक चुकतात ते पुढच्या तीन गोष्टींत. एक, वायर दोन्हीकडे लॅन पोर्टमध्येच (घरातली उपकरणं जोडायचं भोक) हवी, जुन्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरचं नेट आत येतं ते भोक) नको. दोन, जुन्या राउटरचं डीएचसीपी, म्हणजे जोडलेल्या उपकरणांना नेटवर्कवरचे पत्ते वाटायची सोय, बंद करावं लागतं, नाहीतर घरात पत्ते वाटणारे दोन कारभारी होतात आणि फोन जोडलेला दिसूनही नेट चालत नाही. तीन, त्याचा स्वतःचा पत्ता बदलायचा: मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्यायचा. २.४ वर एकाला चॅनेल १ दिला, दुसऱ्याला ६. एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. भिंतीतून सिग्नल पकडून पुढे फेकणारा रिपीटर बाजारात स्वस्त मिळतो, पण त्याच्यापर्यंतच सिग्नल मेलेला पोचत असेल तर तो पुढे काय देणार? दगडी घरात वायरच खरी.

आईच्या खोलीत आता उणे ५५ येतं, आणि तिचा डेटा संध्याकाळी निम्मा शिल्लक असतो.

दुसरी गळती पुतण्याच्या फोनची, आणि ती अगदी उलट दिशेची. तो कोचिंगला गेला की फोनचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉपवर अभ्यास करतो. लॅपटॉपच्या दृष्टीने हॉटस्पॉट म्हणजे वाय-फाय, आणि वाय-फाय म्हणजे फुकट. त्यामुळे विंडोजचे अपडेट, क्लाउडवरच्या फायली, सगळं काही त्या दीड जीबीवर तुटून पडतं. उपाय लॅपटॉपवर करायचा असतो, फोनवर नाही. हॉटस्पॉट जोडलेला असतानाच विंडोजच्या ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, ‘वाय-फाय’ मध्ये त्या नेटवर्कच्या ‘प्रॉपर्टीज’ उघडायच्या आणि ‘मीटर्ड कनेक्शन’, म्हणजे हे नेट मोजून मिळतं अशी खूण, चालू करायचं. एकदा केलं की त्या नावाच्या नेटवर्कसाठी ते लक्षात राहतं. पण फोनच्या हॉटस्पॉटचं नाव बदललं की पुन्हा करावं लागतं, कारण लॅपटॉपला ते नवीन नेटवर्क वाटतं. एका अँड्रॉइडने दुसऱ्या अँड्रॉइडचा हॉटस्पॉट घेतला तर बहुधा फोन आपोआप ओळखतो की हे मोजून मिळणारं नेट आहे. तरी त्या नेटवर्कच्या दातेरी चाकावर जाऊन ‘ट्रीट ॲज मीटर्ड’ एकदा पाहून घ्यावं.

हॉटस्पॉटचं नावही बदलाच. आयफोनचा हॉटस्पॉट फोनचंच नाव लावतो, आणि त्यात बहुतेक वेळा मालकाचं नाव असतं. कोचिंगमधल्या साठ मुलांना ते दिसायचं कारण नाही. पासवर्ड किमान बारा अक्षरांचा, आणि कोणी जोडलेलं नसेल तर हॉटस्पॉट आपोआप बंद होण्याची सोय चालू.

दोन सिमांच्या फोनमध्ये ‘ऑटोमॅटिक डेटा स्विचिंग’ म्हणून एक बटण असतं. पहिल्या सिमचा सिग्नल कमजोर झाला की डेटा दुसऱ्या सिमवर जातो. दुसरं सिम फक्त बँकेच्या ओटीपीसाठी ठेवलं असेल तर हे बंदच हवं. ज्या प्लॅनमध्ये ५जी अमर्याद आहे तिथेही एक खाच आहे: घरात ५जी पोचलं नाही आणि फोन ४जीवर उतरला की रोजच्या कोट्यातून वजा व्हायला सुरुवात होते. वरच्या पट्टीत कोणता आकडा आहे याकडे लक्ष असू द्या.

व्हॉट्सॲपचं काम पाच मिनिटांचं. ‘स्टोरेज अँड डेटा’, ‘मीडिया ऑटो-डाउनलोड’, त्यात मोबाइल डेटाखालच्या चारही खुणा काढायच्या. फोटो टिचकी मारल्यावरच उतरतो. नातेवाइकांच्या गटांत सकाळी जे फुलांचे फोटो आणि सुविचारांचे व्हिडिओ येतात त्यांचा भार इथे उतरतो. तिथेच ‘यूज लेस डेटा फॉर कॉल्स’ आहे. बॅकअपच्या पानावर मोबाइल डेटाचं बटण बंद आहे ना तेवढं बघा. यूट्यूबमध्ये मोबाइल नेटवरचा दर्जा ‘डेटा सेव्हर’वर ठेवला. ७२० चा व्हिडिओ तासाला साधारण एक जीबी खातो, आणि कीर्तन ऐकायला बुवांच्या उपरण्याची किनार स्पष्ट दिसायची गरज नसते.

अँड्रॉइडच्या ‘डेटा वॉर्निंग अँड लिमिट’बद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. पुष्कळजण लिमिट लावायला सांगतात. लिमिट गाठली की फोन मोबाइल डेटा पूर्ण बंद करतो, आणि वयस्कर माणूस रस्त्यात असेल तर रिक्षा बोलावणं आणि यूपीआय, दोन्ही एकदम थांबतात. आईबाबांच्या फोनवर म्हणून फक्त वॉर्निंग लावली आणि सोबत ‘डेटा सेव्हर’. डेटा सेव्हर बॅकग्राउंडचं नेट अडवतो, त्यामुळे काही फोनांवर मेसेज उशिरा येतात. व्हॉट्सॲप आणि बँकेचं ॲप ‘अनरिस्ट्रिक्टेड डेटा’च्या यादीत टाकलं की तेही सुटतं. आणखी एक: फोनचा हिशेब महिन्याच्या तारखेने चालतो आणि रिचार्ज २८ दिवसांचा असतो. वर्षाला तेरा रिचार्ज. त्यामुळे दर वेळी तारखा सरकत जातात आणि फोनचा आकडा कंपनीच्या आकड्याशी जुळत नाही. रिचार्ज केला की फोनमधली डेटा मोजणी सुरू होण्याची (‘सायकल’ची) तारीखही बदलायची. आयफोनवर तर वापरलेल्या डेटाचा ‘करंट पीरियड’ हा आकडा स्वतःहून शून्य होतच नाही, हाताने रीसेट करावा लागतो.

आता धोक्याची बाजू. घरचा राउटर बसवणाऱ्या माणसाने वाय-फायचा पासवर्ड आमचा मोबाइल नंबरच ठेवला होता, आणि राउटरच्या आतल्या पानाचं नाव-पासवर्ड दोन्ही ‘ॲडमिन’. हे दोन पासवर्ड वेगळे असतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. पहिला घरात येणाऱ्यांसाठी, दुसरा घराच्या कुलपाचा. दुसरा ज्याच्या हाती लागला तो डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सोय) बदलून तुम्हाला बँकेच्या नकली पानाकडेही वळवू शकतो. दोन्ही बदलले. वाय-फायच्या सुरक्षेचा प्रकार ‘डब्ल्यूपीए२’ किंवा ‘डब्ल्यूपीए३’ ठेवायचा, डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा छोट्या पिनने जोडायची सोय) बंद, बाहेरून राउटर उघडण्याची सोय बंद, फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत. पाहुण्यांसाठी ‘गेस्ट नेटवर्क’ वेगळं. क्यूआर कोडने पासवर्ड देणं सोयीचं आहे, पण त्या कोडच्या आत पासवर्ड उघडाच असतो. त्याचा फोटो गटावर टाकला म्हणजे पासवर्ड लिहून टाकल्यासारखंच.

बाहेरच्या वाय-फायबद्दल भीतीही जास्त आहे आणि बेफिकिरीही. ग्वाल्हेर स्टेशनवर रेल्वेच्या रेलटेल कंपनीचं ‘रेलवायर’ हे वाय-फाय आहे. मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी येतो, पहिली तीस मिनिटं फुकट. बँकेचं ॲप त्याची माहिती कूटबद्ध करूनच पाठवतं, त्यामुळे फलाटावरच्या कोणी हवेतून पिन वाचला असं सहसा होत नाही. खरी फसवणूक नावाची असते. त्याच नावाचं दुसरं नेटवर्क कोणीही फोनवरून उभं करू शकतो, आणि आपला फोन नाव पाहून जोडला जातो. मग समोर येणारं लॉगिनचं पान त्याचं असतं. खऱ्या पानाला मोबाइल नंबर आणि ओटीपी पुरतो. यूपीआय पिन, कार्डाचा नंबर, आधार किंवा एखादं ॲप उतरवून घ्या असं काही मागितलं, किंवा ब्राउझरने सर्टिफिकेटबद्दल इशारा दिला, तर तिथेच जोड तोडायची. पैशाचं काम करायचंच असेल तर दोन मिनिटं वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर करा; यूपीआयच्या एका व्यवहाराला डेटा फारच थोडा लागतो. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन. इथे पहिला तास फार मोलाचा असतो.

काम झालं की ते नेटवर्क ‘फर्गेट’ करायचं. बाबांच्या फोनमध्ये जुन्या नेटवर्कांची यादी उघडली तेव्हा तीसच्या वर नावं होती: लग्नाची कार्यालयं, दवाखाने, हॉटेलं. बरीचशी पासवर्डाशिवायची. घर आणि बहिणीचं घर सोडून सगळी काढली, ‘ऑटो-कनेक्ट’ फक्त या दोनवर ठेवलं.

शेवटी राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी पाहिली, आणि त्यात एक अनोळखी फोन दिसला. पासवर्ड नुकताच बदललेला, तरी हा कोण? अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला आपला खरा मॅक पत्ता (उपकरणाचा कायमचा ओळख-क्रमांक) न देता बनावट पत्ता देतात, म्हणून यादीत नाव ओळखू येत नाही. फोनमध्ये त्या वाय-फायच्या नावावर टिचकी मारली की सध्याचा मॅक पत्ता दिसतो. एकेक फोनचा पत्ता यादीशी ताडून पाहिला. तो फोन बाबांचाच होता. राउटरवर त्याच्यासमोर नाव लिहून ठेवलं, बाकीच्यांसमोरही लिहिली, आणि आता त्या यादीत नाव नसलेलं एकही उपकरण नाही.