तालुक्याचा मध्यक काढताना

यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यातील ग्रामीण कुटुंबांचे मध्यक उत्पन्न, म्हणजे उत्पन्नाच्या क्रमाने मांडल्यास बरोबर मधे येणाऱ्या कुटुंबाचे उत्पन्न, गेल्या वीस वर्षांत कसे बदलले, हे माझ्या प्रबंधातील एका प्रकरणाचे काम होते. अमेरिकेत असा आकडा काउंटीनिहाय दरवर्षी तयार मिळतो, कारण तेथील जनगणना कार्यालय सर्वेक्षणाला कर विवरणपत्रांची जोड देते. आपल्या जनगणनेने मात्र कुटुंबाला उत्पन्न कधी विचारलेलेच नाही आणि शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने विवरणपत्रांचाही आधार नाही.

हाताशी सर्वांत सहज येतात ते उत्पन्नाचे दाखले. ते मी सुरुवातीलाच बाजूला ठेवले. दाखला कोणत्या ना कोणत्या योजनेसाठी काढलेला असतो. निराधार योजनेसाठी 21 हजारांच्या आत, शिष्यवृत्तीसाठी अडीच लाखांच्या आत. त्यांचा मध्यक काढला असता तर तो कुटुंबांचा नव्हे, योजनांच्या अटींचा मध्यक निघाला असता. 2011 च्या सामाजिक-आर्थिक व जात गणनेने उत्पन्न विचारले खरे, पण ते घरातील सर्वाधिक कमावणाऱ्या एकाच व्यक्तीचे आणि महिन्याला पाच हजारांपर्यंत, पाच ते दहा हजार व त्याहून अधिक अशा तीनच गटांत. देशातील सुमारे तीन चतुर्थांश ग्रामीण कुटुंबे पहिल्याच गटात पडली. मध्यक त्या गटात आहे, एवढेच त्यावरून समजते. गटात कोठे आहे ते समजत नाही.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या शेतकरी कुटुंबांच्या तीन फेऱ्या (2003, 2012-13 आणि 2018-19) हाच खरा आधार होता. महाराष्ट्रातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न यांपैकी दुसऱ्या फेरीत 7,386 रुपये, तर तिसरीत 11,492 रुपये होते. वाढ निम्म्याहून अधिक दिसते, परंतु महागाई वजा केल्यावर तिचा मोठा भाग गळून पडतो. शिवाय ही सरासरी आहे, मध्यक नव्हे. गावात एकाचे कृषी केंद्र आणि ट्रॅक्टर असला की सरासरी त्याच्याकडे झुकते. व्याख्याही मध्येच बदलली. 2003 मध्ये शेतकरी कुटुंब ठरण्यासाठी ताब्यात जमीन असणे आवश्यक होते, पुढे ती अट गेली आणि तिच्या जागी वर्षाला तीन हजारांहून, नंतर चार हजारांहून अधिक कृषी उत्पादनाची अट आली. भूमिहीन शेतमजुरांची बहुतेक घरे या पाहणीच्या बाहेरच राहतात. आमच्याकडे तीच घरे वगळली तर मधले घर आपोआप वर सरकते.

म्हणून निवडक गावांत घरोघरी जाऊन स्वतः पाहणी करणे भाग होते. एक चूल म्हणजे एक कुटुंब, हा राष्ट्रीय पाहणीचाच नियम मी घेतला. त्यामुळे पुण्याच्या कंपनीत असलेला मुलगा कुटुंबाबाहेर गेला, पण त्याने पाठवलेले पैसे आत आले. वर्ष धरले जुलै ते जून, कारण सोयाबीन दिवाळीच्या आसपास विकले जाते, कापूस त्यानंतर टप्प्याटप्प्याने निघतो आणि तूर शेवटी येते. ‘महिन्याला किती मिळते?’ या प्रश्नाला येथे अर्थ नाही. एका बाईंनी मला सरळ सांगितले, “महिन्याचं काय विचारता जी, आमचं तर सालाचंच खातं असते, आन् तेही कृषी केंद्रवाल्याच्या वहीत.” त्यांनी वाट दाखवली, असेच म्हणावे लागेल. पुढे मी आधी उधारी विचारू लागलो, मग विकलेले क्विंटल, मग वेचणीची मजुरी, आणि घरी खाल्लेली ज्वारी व तूर सर्वांत शेवटी.

खर्च कोणता धरावा यावर आकडा किती हलतो, हे 2018-19 च्या देशपातळीवरील आकड्यांतच दिसते: केवळ रोख खर्च वजा केला तर महिन्याला सरासरी 10,218 रुपये, घरच्या वस्तूंची व श्रमांची किंमतही वजा केली तर 8,337. मी रोख खर्चाचा आकडा मुख्य मानला आणि दुसरा तळटीपेत दिला.

मागील वर्षांसाठी लोकांची आठवण सालाने नव्हे, घटनेने जागी होते. 2008 ची कर्जमाफी, 2017 ची गुलाबी बोंडअळी, 2022 मध्ये दहा हजारांवर गेलेला कापूस, अशा खुणा धरून मी क्विंटल विचारले, सातबाऱ्यावरील पीकपेऱ्याशी ताडून पाहिले आणि भाव आठवत नसेल तेथे हमीभाव लावला. लांब धाग्याच्या कापसाचा तो 2012-13 मध्ये 3,900 आणि 2018-19 मध्ये 5,450 रुपये होता. शेवटी सर्व रकमा शेतमजुरांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाने एका वर्षाच्या किमतींत आणल्या. आमच्या तालुक्यातील मधले घर हे थोडी कोरडवाहू जमीन आणि बरीचशी मजुरी यांवर चालणारे आहे, त्यामुळे कापसाच्या तेजीने सरासरी उडी घेते तशी मध्यक घेत नाही.

मार्गदर्शकांना आलेखात सलग रेषा हवी होती. मी प्रत्येक वर्षासाठी एक आकडा न देता राष्ट्रीय पाहणीच्या तीन वर्षांचे तीन बिंदू दिले, प्रत्येकाभोवती खालची व वरची मर्यादा दाखवली आणि ते बिंदू एकमेकांना जोडले नाहीत, कारण मधल्या वर्षांसाठी माझ्याकडे आठवणींखेरीज काहीही नव्हते.