बसलेला जीएमसी

नांदेडहून आलेल्या काचेच्या पेटीतला जीएमसी ट्रक चक्क खाली बसला होता. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी लष्करी ट्रकचं १:३५ प्रमाणातलं मॉडेल, जेमतेम साडेअठरा सेंटिमीटर लांब. हौद्यावर ताडपत्री, बोनेटवर पांढरा तारा, दारावर बारीक अक्षरं; रंगकाम चांगल्या हाताचं. मागची आठही चाकं मात्र आत कलंडलेली, टायर फाटलेले आणि रिमची कड बाहेर ओघळून कडक झालेली. पुढचं डावं चाक एक्सलपासून सुटून पडलेलं.

"पेटी बंद होती बघा. आत ना धूळ गेली, ना कुणाचा हात. मग टायर बसले कसे?" मालकांचा प्रश्न रास्त होता.

छत्रपती संभाजीनगरातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये मुख्य काम यंत्रांच्या आणि कारखान्यांच्या मॉडेलचं. लष्करी गाड्या अधूनमधून येतात, त्याही बहुतेक दुरुस्तीला. या ट्रकची तपासणी करताना एकाच मॉडेलमध्ये दोन वेगळे रोग सापडले, म्हणून हे काम लक्षात राहिलं.

पहिला रोग नेहमीचा. किटमधले टायर मऊ विनाइलचे होते आणि रिम पॉलिस्टायरीनचे. विनाइल मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर नावाचं तेलासारखं द्रव्य मिसळलेलं असतं. ते वर्षानुवर्षं बाहेर झिरपतं. शेजारी पॉलिस्टायरीन असेल तर ते त्यात शिरतं आणि रिम विरघळायला लागते. इकडे तेल निघून गेलेला टायर कडक होतो, आकसतो आणि फाटतो. उष्णतेत हे सगळं झपाट्यानं होतं. ही पेटी पश्चिमेच्या खिडकीत होती आणि मे महिन्यात नांदेडचा पारा ४२-४३ वर जातो. उन्हातल्या बंद काचेच्या आत त्याहून कितीतरी जास्त. सुई टोचली तर मागच्या रिममध्ये ती च्युइंगममध्ये जावी तशी आत गेली.

पण केबिनचं काय? काचेच्या चौकटीचा डावा कोपरा मऊ पडून खाली वाकला होता आणि त्याच बाजूच्या मडगार्डावर रंगाला बारीक सुरकुत्या होत्या. तिथे टायर लागतच नाही. शिवाय नुसत्या उन्हानं वाकलं असतं तर सगळ्यात पातळ भाग, म्हणजे ताडपत्रीच्या कमानी, आधी वाकल्या असत्या; त्या सरळ होत्या. पेटीचा लाकडी तळ उचलल्यावर उत्तर नाकालाच मिळालं. झुरळं येऊ नयेत म्हणून डाव्या कोपऱ्यात डांबर गोळ्या ठेवल्या होत्या. त्यांची वाफ पॉलिस्टायरीनला मऊ करते, आणि बंद पेटीतून ती जाणार कुठे? कपाटातल्या साड्यांना चालतं ते प्लास्टिकच्या मॉडेलला चालत नाही, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं.

हा ट्रक म्हणजे अमेरिकेचा अडीच टनी सीसीकेडब्ल्यू ३५३. १९४१ ते १९४५ या काळात असे पाच लाखांहून जास्त ट्रक बनले. आसामातल्या लेडोहून चीनकडे जाणाऱ्या रस्त्यावरही ते धावले. सहा सिलिंडरचं इंजिन, तीन एक्सल, तिन्हींना ताकद. मागे दोन्ही एक्सलला जोड चाकं, म्हणजे जमिनीवर एकूण दहा, वर स्टेपनी. पहिल्या एक्सलपासून मागच्या जोडीच्या मध्यापर्यंत अंतर १६४ इंच. १:३५ मध्ये ११९ मिलिमीटर. पुढचं सगळं मोजमाप या एका आकड्यावरून बांधायचं.

सुटं करण्यात घाई केली की मॉडेल गेलं. सुपरग्लू सोडवायला लोक अ‍ॅसिटोन वापरतात. पॉलिस्टायरीनवर अ‍ॅसिटोन पडलं तर दुरुस्तीला काही उरतच नाही. त्यापेक्षा मॉडेल प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोनेक तास फ्रीजरमध्ये ठेवावं. थंडीत सुपरग्लू ठिसूळ होतो आणि पातळ पात्यानं हलकं उचकटलं की सांधा टक् करून सुटतो. हौदा, केबिन, ताडपत्रीच्या कमानी अशा सुटल्या. प्लास्टिक सिमेंटनं जोडलेले सांधे असे सुटत नाहीत, कारण तिथे दोन भाग वितळून एक झालेले असतात. ते ०.२ मिलिमीटरच्या करवतीनंच कापावे लागतात. मागचे दोन्ही एक्सल तसे कापून काढले. त्यांची टोकंही मऊ पडली होती, म्हणून ती छाटून दीड मिलिमीटर पितळी सळईची टोकं बसवली. भोक पिनव्हाइसनंच, म्हणजे हातानं फिरवायच्या बारीक ड्रिलनंच पाडायचं. इलेक्ट्रिक ड्रिलच्या वेगानं प्लास्टिक वितळतं आणि भोक तिरकं जातं.

चॅसिस सरळ नसेल तर वरचं सगळं बारीककाम वाया. काचवाल्याकडून ६ मिलिमीटर जाडीचा काचेचा तुकडा आणला की सपाट पृष्ठभागाचा प्रश्न मिटतो. चॅसिस त्यावर ठेवून दोन्ही कर्ण व्हर्नियरनं मोजले. दोघांत पाऊण मिलिमीटरचा फरक निघाला, म्हणजे खऱ्या गाडीत सव्वीस मिलिमीटर. एवढा फरक असेल तर केबिन आणि हौदा यांच्यातली फट एका बाजूला रुंद, दुसरीकडे बारीक दिसते. मधला क्रॉस मेंबर, म्हणजे चॅसिसची आडवी पट्टी, कापून, काचेवर दोन स्टीलच्या पट्ट्यांमध्ये चॅसिस दाबून धरून तो पुन्हा जोडला.

आता चाकं. बाजारात तयार रेझिन चाकं मिळतात, पण अकरा हवी होती आणि परदेशातून मागवली तर कस्टम आणि टपाल मिळून किटच्याच किमतीला जातात. म्हणून एक मूळ नमुना करून साच्यात ओतायचं ठरवलं. खरा टायर ७.५०-२० मापाचा. १:३५ मध्ये व्यास साधारण साडेसव्वीस, रुंदी साडेपाच आणि रिम साडेचौदा मिलिमीटर. या ट्रकच्या लष्करी टायरची नक्षी दोन्ही दिशांना सारखी असते, त्यामुळे डावं-उजवं वेगळं करावं लागत नाही. नमुना थ्रीडी प्रिंट केला, टायर वेगळा आणि रिम वेगळी. एकत्र केले तर दहाही चाकांवर हवेचा व्हॉल्व्ह एकाच जागी येतो आणि बघणाऱ्याला कारण न कळताही काहीतरी खोटं वाटतं. वेगळी रिम फिरवून कुठेही बसवता येते.

साच्याचं रबर म्हणून प्रिंट केलेल्या नमुन्यावर प्लॅटिनम सिलिकॉन ओतू नये. प्रिंटच्या रेझिनचा अंश पृष्ठभागावर राहतो आणि सिलिकॉन नमुन्याला लागून चिकटच राहतं, वाळतच नाही. टिन सिलिकॉनला ही अडचण नाही. साचा एक दिवस तसाच ठेवावा.

ओतायचं पॉलियुरेथेन रेझिन हा आपल्या हवेतला खरा त्रास. डब्यावर तीन मिनिटांचा वेळ लिहिलेला असतो, तो २५ अंशांचा. दर दहा अंशांना प्रक्रिया साधारण दुप्पट वेगानं होते, त्यामुळे भर दुपारी ४० अंशांत कपातच दगड होतो. उपाय म्हणून लोक कूलर लावतात आणि इथेच फसतात. कूलर हवेत पाणी सोडतो. या रेझिनचा एक घटक आयसोसायनेट. ओलाव्याशी गाठ पडली की तो कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि टायरमध्ये स्पंजासारखी छिद्रं पडतात. म्हणून ओतकाम पहाटे, कूलर बंद ठेवून, बाटल्या आदल्या रात्रीपासून गार जागी ठेवून. सुपरग्लूचं उलटं आहे. त्याला वाळायला ओलावाच लागतो. मराठवाड्यातल्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये तो हट्टानं ओला राहतो, तेव्हा कूलर चालू करावा किंवा सांध्यावर खायच्या सोड्याची चिमूट टाकावी. सोड्यानं सांधा दगडासारखा होतो, नंतर घासायला त्रास पडतो. दिसणाऱ्या जागी टाकू नये.

टायरवर गाडीचं वजन दिसायला हवं. तळाला ०.४ मिलिमीटर घासला की पुरे. खऱ्या गाडीत तो चौदा मिलिमीटर दबलेला टायर. याहून जास्त घासला की पंक्चर वाटतो. जोड चाकं आधी एक्सलवर बसवून, काचेवर चिकटवलेल्या ३२० नंबरच्या पॉलिश पेपरवर एकत्र घासली, म्हणजे आतलं आणि बाहेरचं एकाच पातळीत आलं.

दहा चाकं एकाच वेळी जमिनीला टेकवणं हे या गाडीचं सगळ्यात किचकट काम. खऱ्या ट्रकला मागे उलटे पाटे आहेत, मध्यावर फिरणारे, त्यामुळे खड्ड्यात एक एक्सल खाली जातो आणि दुसरा वर येतो. मॉडेलमध्ये सगळं पक्कं, मग एक चाक हमखास हवेत राहतं. किटच्या कागदावर मागचे एक्सल सुरुवातीलाच पक्के करायला सांगतात. आमच्या मते ते शेवटी करावेत. पुढचा एक्सल सिमेंटनं पक्का केला. मागचे दोन्ही, हळू वाळणाऱ्या अराल्डाइटवर नुसते टेकवून, गाडी काचेवर उभी केली आणि हौद्याच्या जागी तराजूतलं १०० ग्रॅमचं वजन ठेवलं. मग प्रत्येक चाकाखाली ट्रेसिंग पेपरची पट्टी सरकवून ओढायची. पट्टी सहज निघाली तर चाक लटकलंय, अडकली तर टेकलंय. मागचं उजवं आतलं चाक पट्टी सोडत होतं. अराल्डाइट ओलं असतानाच एक्सल केसभर दाबला आणि रात्रभर हात लावला नाही.

खालचं बारीककाम बहुतेकांना दिसत नाही, पण आमचा जीव त्यातच जास्त. या ट्रकला पाच प्रॉपेलर शाफ्ट आहेत. गिअरबॉक्सपासून ट्रान्सफर केसला, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीला, एक आखूड, तिथून पुढच्या एक्सलला एक, मधल्याला एक. सगळ्यात मागच्या एक्सलला जाणारा शाफ्ट मधल्या एक्सलवर बसवलेल्या बेअरिंगपर्यंत येतो आणि तिथून पाचवा पुढे जातो. हे बेअरिंग विसरलं की शाफ्ट मधल्या डिफरन्शियलच्या आरपार गेल्यासारखा दिसतो. शाफ्टच्या दोन टोकांचे क्रॉस एका रेषेत ठेवायचे. फिरलेला क्रॉस कोणत्याही गॅरेजवाल्याला लांबून कळतो.

ब्रेकच्या नळ्यांना महागडी मॉडेलची तार लागत नाही. शेतातल्या मोटारी जळत राहतात, त्यामुळे मराठवाड्यात तालुक्याच्या प्रत्येक गावाला रिवाइंडिंगचं दुकान आहे. तिथे तांब्याच्या तारेचे तुकडे मागितले की मूठभर मिळतात. ३० गेजची तार ०.३१ मिलिमीटर, ब्रेकच्या नळीला बरोबर. ३६ गेजची ०.१९, दिव्यांच्या वायरिंगला. तारेवरचं इनॅमल टोकाला खरवडायचं, नाहीतर रंग धरत नाही. तार वाकवण्याआधी ताणून सरळ करून घ्यावी. बोटांनी सरळ केलेली तार रंगाखालीही वळवळताना दिसते.

रंग ऑलिव्ह ड्रॅब. तामियाचा एक्सएफ-६२ थेट मारला तर एवढ्याशा गाडीवर जवळपास काळा दिसतो, म्हणून आठ भागांना दोन भाग एक्सएफ-६०, म्हणजे गडद पिवळा, मिसळला. एअरब्रश ०.३ मिलिमीटर, दाब १५ पीएसआय. कोरड्या हवेत रंग सुईच्या टोकावर वाळतो आणि मग थुंकतो. रंग हळू वाळावा म्हणून रिटार्डरचे काही थेंब घातले आणि अंतर पाच-सहा सेंटिमीटरवर आणलं. लांबून मारला तर थेंब हवेतच वाळून पृष्ठभाग सिमेंटच्या भिंतीसारखा खरबरीत होतो.

शेवटी मातीचा हट्ट आला. गाडीवर आपल्याकडचीच काळी माती हवी, असं मालकांचं म्हणणं. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की तडकते. शेतात भेगा पडतात त्या त्यामुळेच. गोंदात मिसळून मडगार्डाखाली लावली तर वाळल्यावर खपल्या होऊन रंगासकट निघते. शिवाय ०.१ मिलिमीटरचा कणसुद्धा या प्रमाणात साडेतीन मिलिमीटरची खडी होतो. म्हणून खऱ्या मातीचा फक्त नमुना घेतला. ओली काळीभोर, वाळल्यावर राखाडी. तो रंग पिगमेंट पावडरमधून जुळवला आणि ती मॅट वार्निशमध्ये कालवून चाकांच्या आतल्या बाजूला लावली. रस्त्याची धूळ म्हणून मुरमाचा तांबूस रंग फक्त हौद्याच्या फाळक्यावर आणि मागच्या मडफ्लॅपवर. परदेशी किटच्या चित्रात असते तशी पिवळट माती इथल्या डोळ्याला लगेच खटकते.

पेटी परत देताना चॅसिसला दोन पितळी स्क्रूंनी तळावर पक्कं केलं, वजन टायरवर येऊ दिलं नाही. मागच्या काचेला वर आणि खाली बारीक जाळीची भोकं ठेवली. गोळ्यांच्या जागी सिलिका जेलची पुडी, तीही पावसाळ्यातल्या ओलीसाठी. झुरळांसाठी जाळी पुरेशी आहे. पेटी पूर्वेच्या आतल्या भिंतीला, खिडकीपासून लांब ठेवायला सांगितलं. मालकांनी विचारलं, "मग ती जुनी गाडी, दुसरी आहे घरी, तिचेपण टायर असेच आहेत, तिचं काय?" टायर अजून फाटले नसतील तर आत्ताच काढून रिमवर तेलाचा ओलसर डाग आलाय का बघा, आला नसेल तर चाकं तेवढी बदलू, असं सांगून तीही घेऊन यायला लावली.