पोलादाचे वाटप

युद्धासाठी सरकार अर्थव्यवस्था हाती घेते म्हणजे नेमके काय करते, हे नुसत्या व्याख्यानाने विद्यार्थ्यांच्या गळी उतरत नाही. कर वाढवले, कर्ज काढले आणि रणगाडे विकत घेतले, असा सगळा पैशांचा हिशेब त्यांच्या डोक्यात असतो. म्हणून आर्थिक इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गाची एक सबंध सकाळ मी प्रात्यक्षिकाला दिली. एका काल्पनिक देशाचे मंत्रिमंडळ, त्यात भूदल, नौदल, विमानबांधणी, व्यापारी जहाजे, रेल्वे, खाणी, शेती आणि नागरी पुरवठा ही खाती, आणि सगळ्यांत मिळून एका तिमाहीपुरते ठरावीक पोलाद. प्रत्येकाने आपली मागणी लिहून द्यायची आणि बेरीज जुळेपर्यंत बैठक उठवायची नाही, एवढाच नियम होता.

पहिली बेरीज उपलब्ध पोलादाच्या जवळजवळ दुप्पट निघाली. तडजोड करायची सोडून मुलांनी मागण्यांवर निकडीचे शेरे मारायला सुरुवात केली. नौदलाच्या कागदावर लाल शाईने ‘अत्यंत तातडीचे’ असे उमटले आणि थोड्याच वेळात आठही कागद लाल झाले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतही अगदी हेच घडले होते. कंत्राटांना निकडीच्या श्रेणी दिल्या गेल्या. पण ‘ए-१’ ही श्रेणी इतक्या जणांना मिळाली की तिच्या पोटात उपश्रेणी पाडाव्या लागल्या, आणि १९४२ मध्ये तिच्याही वर नव्या श्रेणी आणाव्या लागल्या. त्याच वर्षी युद्ध उत्पादन मंडळातील सायमन कुझनेट्स आणि रॉबर्ट नेथन या अर्थतज्ज्ञांनी सेनादलांच्या मागण्यांची बेरीज मांडून ती देशाच्या कुवतीबाहेरची असल्याचे दाखवले. लष्कराच्या पुरवठ्याचे प्रमुख जनरल सॉमरवेल यांनी ते निष्कर्ष झिडकारले, खडाजंगी झाली, आणि अखेर १९४३ ची उद्दिष्टे खाली आणावी लागली. नोव्हेंबर १९४२ मध्ये श्रेणींच्या जोडीला थेट वाटपाची योजना जाहीर झाली: पोलाद, तांबे आणि ॲल्युमिनियम या तीन धातूंचा दर तिमाहीचा साठा मंडळाने खात्यांमध्ये वाटायचा आणि प्रत्येक खात्याने तो आपापल्या कंत्राटदारांना पुरवून वापरायचा. तीन धातू मुठीत आले की त्यांच्यापासून बनणारे जवळपास सगळेच मुठीत येते, ही त्यामागची दृष्टी मला आजही फार मोलाची वाटते.

हे सांगितल्यावर वर्गाने कात्री हाती घेतली आणि ती पहिल्यांदा अपेक्षेप्रमाणे शेती व नागरी पुरवठ्यावर चालवली. शेती सांभाळणारी मुलगी तोवर गप्प बसून होती. तिने आपला कागद शांतपणे वाचून दाखवला: नांगराचे फाळ, ट्रॅक्टरचे सुटे भाग, खिळे, आणि अन्न डबाबंद करण्यासाठी लागणारा पत्रा. ‘‘हे डबे तुमच्याच सैनिकांसाठी आहेत,’’ असे ती भूदलाला म्हणाली, आणि तिच्या मागणीतली कपात मागे घेतली गेली. नागरी पुरवठ्याच्या बाजूने मात्र कोणी उभे राहिले नाही. अमेरिकेत फेब्रुवारी १९४२ मध्ये खासगी मोटारींचे उत्पादन बंद झाले, तेही अशाच एखाद्या बैठकीतून ठरले असणार.

पोलाद जुळल्यावर मी माणसांचे कोष्टक पुढे ठेवले, आणि खरी कोंडी तिथे झाली. भूदलाने भरती वाढवताना खाणींतली तरणी माणसे उचलली होती. त्यामुळे कोळसा घटला, आणि कोळशाअभावी नुकतेच वाटलेले पोलाद कागदावरच राहिले. ब्रिटनला हा फटका प्रत्यक्षात बसला. डिसेंबर १९४१ च्या कायद्याने वीस ते तीस वयाच्या अविवाहित स्त्रियांनाही सक्तीच्या सेवेत घेणाऱ्या त्या देशाने युद्धाच्या आरंभी हजारो खाणकामगार सैन्यात जाऊ दिले होते. डिसेंबर १९४३ पासून कामगारमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांना चिठ्ठ्या काढून तरुण खाणीत पाठवावे लागले: शून्य ते नऊमधला एक अंक काढायचा, आणि ज्या भरतीयोग्य तरुणाच्या नोंदणी क्रमांकाचा शेवटचा अंक तोच असेल, त्याने सैन्यात न जाता कोळसा खणायचा. अशा रीतीने आणि स्वेच्छेने मिळून सुमारे ४८ हजार तरुण खाणींत गेले.

‘‘मॅडम, पैसा कमी पडत असेल तर नोटा छापू,’’ असे अर्थमंत्री झालेल्या मुलाने सुचवले तेव्हा मी बैठक थांबवली, कारण या प्रश्नावर घाई चालत नाही. ब्रिटनने १९४१ च्या अर्थसंकल्पात प्राप्तिकराचा प्रमाण दर पौंडाला दहा शिलिंगांवर, म्हणजे निम्म्यावर, नेला आणि वाढीव कराचा काही भाग युद्धानंतर परत करण्याचे वचन दिले. मागणी दाबण्याचा हा उघड मार्ग होता. भारतात मात्र ब्रिटनच्या वाट्याचा युद्धखर्च रुपयांत चुकवला जात होता. त्याबदल्यात लंडनमध्ये भारताच्या नावे स्टर्लिंग, म्हणजे ब्रिटिश पौंड, जमा होत होते आणि त्या जमेवर रिझर्व्ह बँक नोटा काढत होती. किमती चढत गेल्या. ब्रह्मदेश जपानच्या हाती पडल्याने तिथला तांदूळ थांबला होता आणि १९४२ च्या चक्रीवादळाने बंगालची पिके झोडपली होती, हेही खरे. तरीही कलकत्त्याच्या युद्धोपयोगी कारखान्यांतील कामगारांना सवलतीचे धान्य मिळत राहिले, आणि खेड्यांतले भूमिहीन मजूर व मच्छीमार १९४३ मध्ये अन्नावाचून मेले. मृतांचा अंदाज वीस ते तीस लाखांच्या घरात जातो. कोण ‘आवश्यक’ आणि कोण नाही, याची यादी त्यांना न विचारता झाली होती. वर्गाने यानंतर नागरी पुरवठ्याचा कागद स्वतःहून पुन्हा उघडला, आणि भूदलाने त्याला आपल्या वाट्यातले पोलाद दिले.

बेरीज जुळल्यावर खाणखाते सांभाळणाऱ्या मुलाने विचारले की चिठ्ठीने कोळसा खणायला गेलेल्या त्या तरुणांना पुढे काय मिळाले. त्यांतले शेवटचे १९४८ मध्ये सुटले, त्यांना युद्धपदक नव्हते, सैनिकांप्रमाणे जुनी नोकरी परत मिळण्याचा हक्कही नव्हता, आणि सरकारी सन्मानचिन्ह दिले जाऊ लागले ते २००८ मध्ये. मग आपल्या मंत्रिमंडळात माणसांना घरी परत पाठवण्याचे खाते का नाही, असे त्याने विचारले. पुढच्या तुकडीच्या प्रात्यक्षिकासाठी त्या खात्याचे कोष्टक मी सध्या तयार करते आहे.