नॉमिनीचा पत्ता

संगमेश्वरकडच्या त्या बाई मुलाला घेऊन आमच्या भिवंडी शाखेत आल्या, आपल्या वडिलांचा शोध घेत. वडील मुंबईत गिरणी कामगार होते. 1982 च्या संपात घरी पैसे येईनासे झाले आणि पुढच्या वर्षी शिमगा आटोपून ते मुंबईला म्हणून निघाले, ते परतलेच नाहीत. रिझर्व्ह बँकेने 2023 मध्ये सुरू केलेल्या, बेवारस ठेवी शोधण्याच्या ‘उद्गम’ पोर्टलवर नातवाने सहज आजोबांचे नाव घालून पाहिले, तेव्हा ते आमच्या बँकेत सापडले.

दहा वर्षे व्यवहार नसलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होते आणि आमच्याकडे संगणकात नुसता आकडा उरतो. खाते उघडण्याचा मूळ अर्ज माळ्यावरच्या गठ्ठ्यांत शोधायला मला चार दिवस लागले. एवढ्याशा रकमेसाठी कशाला, हे साहेबांनी तेवढ्यात दोनदा ऐकवले.

अर्ज 1987 चा निघाला. त्या काळी खाते उघडताना जुन्या खातेदाराची ओळख लागत असे, त्यामुळे खाली ओळख देणाऱ्याची सही आणि खातेक्रमांक होता. पुढे ओळखीची कागदपत्रे पुरेशी ठरली आणि हा रकाना गेला, याचे मला त्या दिवशी फार वाईट वाटले. कारण ते गृहस्थ दोन गल्ल्या पलीकडेच राहत होते. त्यांनी सांगितले, की हा माणूस यंत्रमागावर रात्रपाळी करी. संप मोडणारे कापड ज्या मागांवर निघाले त्यांवरच आपण पोट भरतो, म्हणून गावाला तोंड दाखवायला तो तयार नव्हता. 1994 च्या पावसाळ्यात काविळीने गेला. पालिकेच्या मृत्यूनोंदीत नाव मिळाले, आडनावातले एक अक्षर चुकलेले. शरमेचे कारण बाईंना पटलेले दिसले नाही, आणि मलाही ते पुरते पटत नाही, कारण खतावणीत दर पंधरवड्याला वीस-तीस रुपयांचा भरणा आहे आणि नॉमिनी म्हणून अल्पवयीन मुलीचे नाव, गावच्या पत्त्यासह, वाडी आणि पोस्टासकट.

अर्जालाच एक पाकीट टाचलेले होते. खाते निष्क्रिय झाल्यावर शाखेने नियमाप्रमाणे खातेदाराच्या चाळीतल्या खोलीवर पत्र धाडले होते आणि पोस्टमनने ‘सदर पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा मारून ते परत केले होते. दुसरे पत्र नॉमिनीच्या पत्त्यावर टाकावे, असे कुणाच्या मनात आले नाही. अशी परत आलेली पाकिटे मीही वर्षानुवर्षे फायलींना टाचत आलो आहे.

बाईंनी ते पाकीट मागितले. बँकेचा दस्तऐवज असल्याने मला ते देता आले नाही.