तुम्ही विचारलंत म्हणून : एअरबॉक्स काढून फोमचे फिल्टर लावू का?

"एअरबॉक्स काढून टाकला आणि कार्बोरेटरच्या तोंडाला थेट फोमचा फिल्टर बसवला, तर पिकअप वाढेल ना?" हा बाइकवाल्यांचा प्रश्न कधी मेसेजमध्ये येतो, कधी कुणी गाडी स्टँडवर लावून विचारतं. शेवटचा तो 'ना' मात्र ठरलेला. उत्तर विचारणाऱ्याकडे तयार असतं, मी नुसती मान डोलवायची असते.

मान मी डोलवत नाही. एअरबॉक्स म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा बंद डबा, फिल्टर त्यातच बसतो; कार्बोरेटर त्या हवेत पेट्रोल मिसळतो. पिकअपसाठी एअरबॉक्स काढू नका. दिसण्यासाठी काढायचा असेल, सीटखालची जागा मोकळी हवी असेल, किंवा जुन्या चार सिलिंडरच्या गाडीचे कार्बोरेटर दर वेळी बाहेर ओढताना बोटं सोलून निघत असतील, तर खुशाल काढा. ही कारणं खरी आहेत आणि ती सांगायला लाजायचं काही कारण नाही. पण मग गाडी पुन्हा ट्यून करायची तयारी ठेवा. फिल्टर बसवणं हे दहा मिनिटांचं काम आहे, खरं काम त्यानंतर सुरू होतं.

प्रश्नामागे एक समजूत असते, की कंपनीने इंजिनाचा गळा दाबून ठेवलाय आणि तो सोडवला की झालं. ती खरी आहे का, हे घरी मोजता येतं. पारदर्शक प्लास्टिकची नळी घ्या, ती यू आकारात वाकवून एका पट्टीवर बसवा, तळाशी रंगीत पाणी भरा. एक टोक एअरबॉक्समध्ये फिल्टरच्या पलीकडे, म्हणजे स्वच्छ बाजूला जोडा, दुसरं उघडं ठेवा. नळी चांगली लांब घ्या, नाहीतर पाणी इंजिनात जाईल. सिंगल सिलिंडरच्या गाडीत पाणी थरथरत राहतं. नळीत एखादा जुना जेट (कार्बोरेटरमधला बारीक भोकाचा तुकडा) बसवला की शांत होतं. मग मोकळ्या रस्त्यावर पूर्ण मूठ पिळायची आणि दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक मागे बसलेल्याने वाचायचा. चालवणाऱ्याने रस्त्याकडेच बघायचं.

वातावरणाचा दाब म्हणजे पाण्याचा साधारण १०३३ सेंटिमीटरचा स्तंभ. तुमच्या नळीत १० सेंटिमीटरचा फरक दिसला, तर बॉक्स आणि फिल्टर मिळून इंजिनाची जेमतेम एक टक्का हवा अडवतायत. सगळा अडथळा जादूने नाहीसा केला तरी फार तर तेवढंच हाती लागणार. १५ पीएसच्या (पीएस म्हणजे जवळजवळ हॉर्सपॉवरच) गाडीत ०.१५ पीएस. फरक ३०-४० सेंटिमीटर आला तर गोष्ट वेगळी, पण तेव्हा आधी फिल्टर उघडून बघा. बहुतेक वेळा तो कित्येक दिवस कुणी उघडलेलाच नसतो.

आता याची दुसरी बाजू. हवा तापली की विरळ होते. ३० अंशांच्या आसपास तापमान ३ अंशांनी वाढलं की हवेची घनता साधारण एक टक्क्याने उतरते. एअरबॉक्सचं तोंड कंपनी शक्यतो सीटखाली, इंजिनाच्या झळेपासून बाजूला ठेवते. तुमचा नवा फिल्टर मात्र सिलिंडरच्या पाठीमागे उघडा बसतो आणि तिथली गरम हवा ओढतो. ती बाहेरच्या हवेपेक्षा १० अंशांनी गरम असली, तर अडथळा काढून जे मिळवलं त्याच्या तिप्पट तिथेच गेलं.

शिवाय बॉक्स म्हणजे नुसती फिल्टर ठेवायची डबी नव्हे. फोर स्ट्रोक इंजिन चारांतल्या एकाच स्ट्रोकला हवा ओढतं. ३५० सीसीचं सिंगल सिलिंडर ५००० आरपीएमवर असेल, तर मिनिटाला २५०० घोट, म्हणजे पूर्ण भरलं तर ८७५ लिटर हवा. आणि तीही सलग नाही, तुटक, धक्क्याधक्क्याने. त्या प्रत्येक घोटासाठी शेजारी शांत, स्थिर दाबाची हवा तयार लागते. ती बॉक्समध्ये असते. बॉक्सचं घनफळ आणि त्याच्या तोंडाच्या नळीची लांबी असं जुळवलेलं असतं, की ठरावीक आरपीएमला आतला दाब नेमका व्हॉल्व्ह उघडा असताना चढतो. ही जुळणी बहुतेक वेळा मधल्या आरपीएमसाठी असते, म्हणजे रोज गाडी चालवताना जिथे आपण असतो तिथे. बॉक्स गेला की हा मधला जोर ओसरतो. आरपीएमच्या शेवटच्या टोकाला थोडं काही मिळेलही, पण तिथे तुम्ही दिवसातून किती वेळ असता?

"मग रेसच्या गाड्या?" हा लगेच येणारा पुढचा प्रश्न. मोटोजीपीची गाडी उघडून पाहिलीत तर टाकीच्या जागी मोठा थोरला एअरबॉक्स दिसेल. त्याला जागा हवी म्हणून पेट्रोल मागे, सीटखालपर्यंत नेलेलं असतं. ज्यांना एकेका हॉर्सपॉवरसाठी जीव टाकावा लागतो, ते बॉक्स काढत नाहीत, वाढवतात. कावासाकीने १९९० साली झेडझेड-आर ११०० आणली तेव्हा समोरून येणाऱ्या वाऱ्याचा दाब इंजिनाला मिळावा म्हणून रॅम एअर दिलं. तो दाब साठवायला बंद बॉक्सच लागतो, उघड्या फिल्टरवर वारा नुसता आदळून जातो. "मोटोक्रॉसवाले तर फोमच वापरतात" असंही ऐकवलं जातं. वापरतात, बरोबर आहे. बॉक्सच्या आत वापरतात.

एवढं सांगूनही काढायचाच असेल, तर आधी तुमच्या गाडीत कुठल्या जातीचा कार्बोरेटर आहे ते बघा. केबलने थेट स्लाइड (हवेची वाट कमी-जास्त करणारी सरकती झडप) उचलणारा, मिकुनी व्हीएमसारखा साधा कार्बोरेटर असेल, तर तो उघडे फिल्टर बऱ्यापैकी सहन करतो. सीव्ही कार्बोरेटर करत नाही. सीव्हीमध्ये मूठ पिळली की फक्त बटरफ्लाय, म्हणजे वाटेतली फिरती चकती, उघडते. स्लाइड उचलतं ते वरच्या रबरी डायफ्रामच्या दोन बाजूंमधलं दाबाचं अंतर. डायफ्रामच्या खालच्या बाजूला बाहेरचा दाब पोचतो तो कार्बोरेटरच्या तोंडाशी असलेल्या एका छिद्रातून. तोंडाशी हवा शांत असेल, तर स्लाइड नेमकी हवी तेवढी उचलली जाते. उघड्या फिल्टरवर बाजूने वारा आला, शेजारून ट्रक गेला, की तोंडाशी दाब हलतो, त्याबरोबर स्लाइड हलते आणि गाडी मधेच खोकते. मेकॅनिक जेटवर जेट बदलत राहतो आणि दोष असतो वाऱ्याचा.

याहून साधी आणि हमखास आढळणारी भानगड म्हणजे फिल्टरची रबरी कड. कार्बोरेटरच्या तोंडाच्या काठावर दोन-तीन बारीक भोकं दिसतील. त्यातली एक-दोन एअर जेटची (हवा मोजून सोडणारी), एक डायफ्रामची. स्वस्त फिल्टरची जाड कड नेमकी त्यांच्यावर बसते. मग गाडीची रेस वर चढतच नाही, किंवा काळा धूर काढत चालते. नव्या फिल्टरबद्दल तक्रार आली की मी पहिल्यांदा तो काढून ही भोकं मोकळी आहेत का ते पाहतो. झाकली असतील तर कड धारदार ब्लेडने कातरा किंवा दुसरा फिल्टर घ्या. घेताना आतून हात फिरवा: तोंड गोलसर वळलेलं असावं. मूळच्या बॉक्सचे, कार्बोरेटरला जोडणारे रबरी बूट आतून तुतारीसारखे पसरट असतात, ते हवेला वळण देऊन आत घेतात. सरळ कापलेल्या कडेशी हवा अडखळते.

मग जेटिंग, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे जेट योग्य मापाचे बसवणं. बॉक्स काढला की सहसा मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. पेट्रोलचं पूर्ण ज्वलनाचं प्रमाण वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, आणि पूर्ण ताकदीला लागतं साडेबारा-तेराच्या आसपास. गाडी पातळ चालतेय हे ओळखायला सोप्या खुणा आहेत: मूठ सोडली की सायलेन्सरमधून फटाके, एका वेगावर धरली तर मागेपुढे झटके, इंजिन नेहमीपेक्षा गरम, आणि रेस खाली यायला वेळ. चोक थोडा ओढून बघा. ओढल्यावर गाडी सुधारली तर ती पेट्रोल मागतेय, हे नक्की.

सुरुवात मेन जेटपासून करा, स्लो जेटपासून (मूठ जवळजवळ बंद असतानाच्या जेटपासून) नको. मेन जेटचा कारभार पाऊण मूठ ते पूर्ण मूठ. तो ठरला की निडल (स्लाइडला क्लिपने अडकवलेली निमुळती सुई), पाव ते पाऊण मुठीसाठी. क्लिप एक खाच खाली सरकवली की निडल वर येते आणि पेट्रोल वाढतं. निडलला क्लिपसाठी खाचा नसतील तर खाली बारीक वॉशर घालतात. सगळ्यात शेवटी स्लो जेट आणि स्क्रू. इथे एक गोंधळ कायम होतो. स्क्रू स्लाइडच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, बाहेर काढला की मिश्रण घट्ट होतं. फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की पातळ होतं. दुसऱ्याच्या गाडीवर काय केलं होतं ते आठवून फिरवू नका. कुठला जेट किती नंबरचा, हेही मला विचारू नका. तो सायलेन्सर, उंची, हवामान आणि तुमचं इंजिन मिळून ठरवतात. प्लगचा रंग बघायची जुनी रीत ठीक आहे, पण हल्लीच्या पेट्रोलवर तो रंग नीट बोलत नाही. वाइडबँड सेन्सर (सायलेन्सरच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा) लावून मिश्रण मोजणारा कुणी मिळाला तर त्याच्याकडे जा.

फ्युएल इंजेक्शनची गाडी असेल तर "ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आपोआप जुळवून घेतो" हे अर्धसत्य आहे. ऑक्सिजन सेन्सरकडे बघून तो सुधारणा करतो ते संथ, एकसारख्या चालीत, आणि तेही मर्यादेतच. पूर्ण मूठ पिळली की तो आतल्या ठरलेल्या तक्त्यावर चालतो, आणि तो तक्ता बॉक्ससकट मोजलेला असतो. बऱ्याच गाड्यांत हवेचं तापमान मोजणारा सेन्सरही बॉक्सवरच असतो. तो हवेत लटकत ठेवून गाडी चालवणारे मी पाहिलेत. त्यावर काय बोलणार.

आवाज वाढतो, हे कबूल. खोल, घोगरा, थेट पोटाखालून येणारा आवाज, आणि माझ्या मते निम्मे लोक त्यालाच पिकअप समजतात. आवाज आवडत असेल तर त्यात काही वाईट नाही, फक्त शेजारच्यांना तो तितकाच आवडेल असं धरून चालू नका.

आता फोमबद्दल, कारण इथे खेळ इंजिनाच्या आयुष्याशी आहे. एक लिटर पेट्रोल जळायला साधारण ११ किलो हवा लागते, म्हणजे सुमारे ९००० लिटर. ती सगळी फिल्टरमधून जाते. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. त्यांची मोह्स कठीणता ७, म्हणजे बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या भिंतीच्या) लोखंडाहून जास्त. डोळ्याला दिसणारी खडी फिल्टर अडवतोच. इंजिन खातात ते साधारण ५ ते २० मायक्रॉनचे कण, कारण ते ऑइलच्या थरात शिरून रिंग आणि बोअरच्या मधे घासत राहतात. कोरड्या फोममधून हे कण सहज जातात. फोमची भोकं त्यांच्या मानाने प्रचंड मोठी असतात, धूळ धरतं ते त्यावरचं चिकट तेल. तेलाशिवाय फोम लावणं म्हणजे दाराला जाळी लावून डास अडवायचे आणि जाळी मासे पकडायची असावी, असं आहे.

तेल फोम फिल्टरचंच वापरा. इंजिन ऑइल गरम झालं की ओघळून तळाशी जमतं, वरचा फोम कोरडा पडतो. धुताना पेट्रोल नको. त्याने जोडाचा गोंद सुटतो, आणि आगीचा धोका वेगळा. रॉकेलने तेल काढा, मग साबणाच्या कोमट पाण्यात दाबून दाबून धुवा. पिळू नका, फाटतो. सावलीत पूर्ण वाळवा, तेल सगळीकडे मुरवा, जास्तीचं दाबून काढा. आणि बोटाने दाबल्यावर भुगा पडू लागला की त्या दिवशीच फेकून द्या. जुना पॉलियुरेथेन फोम असाच मरतो, आणि तो भुगा सरळ जेटमध्ये जातो. पातळ मिश्रणावर कार्बोरेटर उलटा भडकतो तेव्हा ती ज्योत बॉक्समध्ये अडकून विझते. उघड्या, पेट्रोलने भिजलेल्या फोमवर ती पेटते. पावसात उघडा फोम भिजतो आणि गाडी गुदमरते, हे तर ओघाने आलंच.

क्रँककेसची, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कोठीची, दाब बाहेर सोडणारी ब्रीदर नळीही बहुतेक गाड्यांत बॉक्सलाच जोडलेली असते. ती मोकळी झाली म्हणून बोल्ट ठोकून बंद करू नका, आतला दाब ऑइल सील बाहेर ढकलेल. तिला स्वतःचा छोटा फिल्टर किंवा तेल साठवणारा डबा द्या.

माझं मत विचाराल तर बॉक्स राहू द्या आणि त्याच्याच मापाचा फोम त्यात घाला. धुऊन पुन्हा वापरता येतो आणि जेटिंगला बहुधा हात लावावा लागत नाही. कडक झालेले रबरी बूट गरम पाण्यात ठेवून मऊ करून घ्या, फोमच्या कडेला ग्रीसचा पातळ थर द्या, झाकण चारी बाजूंनी बसलंय ना ते पाहा. काही शे किलोमीटर चालवून बॉक्स पुन्हा उघडा आणि फिल्टरच्या पलीकडच्या बाजूला पांढरं फडकं फिरवा. त्यावर धूळ आली तर कुठेतरी फट आहे. जेटला हात लावण्याआधी ती शोधा.