पोहाळ्याच्या पायथ्याला खापऱ्यांचा माग

पोहाळ्याची बौद्ध लेणी जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याला आहेत. लोक लेणी पाहून परततात. आम्ही खालची शेतं चाललो, कारण भिक्षूंना भिक्षा घालणारी वस्ती जवळपास असणारच, आणि तिचा माग खापऱ्यांवरून, म्हणजे मातीच्या फुटक्या भांड्यांच्या तुकड्यांवरून लागतो.

कोल्हापूरहून सकाळी लवकर निघावं. तिरप्या उन्हात खापरीची कड उठून दिसते, दुपारी सगळं सपाट वाटतं. सोयाबीन, भुईमूग निघाल्यावर नांगरलेलं रान सगळ्यात चांगलं. मालकाला विचारल्याशिवाय बांध ओलांडू नये. उभा ऊस सोडावा. तोडीनंतरही पाचटाखाली जमीन दिसत नाही. असा तुकडा वहीत ‘पाहिला नाही’ म्हणून लिहावा, ‘काही नाही’ म्हणून नव्हे. हा फरक पुढे नकाशावर फार मोठा ठरतो.

चौघांनी दहा-दहा मीटर अंतर ठेवून एका रेषेत, बांधाला समांतर चालावं. खापरी दिसली की झेंडी रोवायची, उचलायची नाही. फोनच्या जीपीएसमध्ये तीन-पाच मीटरची चूक असते, म्हणून विहीर, मोठं झाड, बांधाचा कोपरा यांची खूणही लिहावी. फोटोत दहा सेंटिमीटरची पट्टी हवीच.

इथे खरा घोळ जांभ्याचा. डोंगरावरून घरंगळलेले तांबडे खडे लांबून खापरीसारखेच दिसतात. खापरीला दोन समांतर पृष्ठं आणि बाक असतो, मोडलेल्या कडेत मातीचे थर दिसतात. जांभा आतून सच्छिद्र, वेडावाकडा. कौलाचे तुकडे एकसारख्या जाडीचे. आतून काळी, बाहेरून तांबडी खापरी मिळाली तर थांबा: उपडं ठेवून भाजलेल्या भांड्याची ती खूण, आणि सातवाहनकाळी अशी भांडी सर्रास होती. कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर 1945-46 मध्ये उत्खनन झालं, तिथलं साहित्य आधी पाहून घेतलं तर नजर तयार होते.

सापडलेली जागा मूळचीच, असं लगेच मानू नये. उतारावर पाऊस खापऱ्या खाली आणतो, शेणखतातून आणि तळ्याच्या गाळातूनही त्या रानात पडतात. कडा झिजलेल्या असतील तर वरच्या अंगाला शोधावं. तीक्ष्ण कडांच्या, दाट पसरलेल्या आणि राखट मातीतल्या खापऱ्या असतील तर वस्तीची शक्यता धरावी.

देवळाजवळ वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाचा कोरीव दगड, दिसला तर त्यावर पीठ, खडू, तेल काही लावू नका. बाजूने टॉर्च धरली की अक्षरं आपोआप उठतात.